सायलेन्सरवर रोडरोलर, आणि डिफरेन्शियलचं काय?

थोडं लांबलंय, पण ज्यांच्याकडे चारचाकी आहे किंवा जे रोज दुसऱ्याच्या चारचाकीत बसून घाट चढतात, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गाडीत केलेला बदल बेकायदेशीर आहे की नाही, हे आपल्याकडे कशावरून ठरतं? कायद्यावरून, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते ठरतं तो बदल दिसतो का आणि ऐकू येतो का, यावरून. बुलेटचा फटफट करणारा सायलेन्सर चौकात ऐकू येतो, म्हणून पकडला जातो. मग शंभरेक सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावर रोडरोलर फिरवतात, साहेब लोक मागे उभे राहतात, आणि आम्ही पत्रकार तो फोटो पहिल्या पानावर छापतो. काचेची काळी फिल्म दिसते, म्हणून फाडून टाकतात. याला माझा विरोध नाही. त्या सायलेन्सरने म्हाताऱ्या माणसांची झोप उडते, फिरवा रोलर.

पण गाडीच्या पोटात, जिथून चाकांना जोर मिळतो, तिथे कोणी काय बदललं ते कोण बघतं? कोणीच नाही. कारण ते दिसत नाही आणि ऐकूही येत नाही.

आज त्यातल्याच एका भागाबद्दल बोलायचंय. डिफरेन्शियल. आपल्या गॅरेजच्या बोलीत डिफ्रन्शल. आणि उदाहरण घेणार आहे एका परदेशी स्पोर्ट्स कारचं. तुम्ही म्हणाल, तालुक्याच्या बातमीदाराला स्पोर्ट्स कारचं काय पडलंय? सांगतो. त्या गाडीचं निमित्त आहे, विषय आपलाच आहे.

आधी डिफरेन्शियल करतं काय, ते साध्या भाषेत.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. किती? समजा दोन मागच्या चाकांमधलं अंतर १.४२ मीटर आहे. घाटातलं एक पूर्ण उलटं वळण, म्हणजे १८० अंश, घेतलं की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळपास साडेचार मीटर जास्त धावतं. वळण मोठं असो की लहान, फरक तेवढाच. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती तर एकाला फरफटत जावं लागलं असतं. टायर झिजले असते, गाडी वळायला तयार झाली नसती. म्हणून मध्ये गिअरची एक पेटी असते, जी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. हेच डिफरेन्शियल.

पण या सोयीला एक किंमत आहे. साधं डिफरेन्शियल, ज्याला ओपन म्हणतात, ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक डांबरावर आणि दुसरं चिखलात असेल, तर चिखलातलं चाक जेवढा जोर पेलू शकतं तेवढाच डांबरावरच्या चाकालाही मिळतो. चिखलातलं चाक गरागरा फिरतं, चांगलं चाक शांत उभं राहतं. गाडी जागची हलत नाही.

हे कोणत्याही ट्रॅक्टरवाल्याला सांगावं लागत नाही. वावरात एक चाक रुतून फिरायला लागलं की तो डिफ लॉकचं पेडल दाबतो, दोन्ही चाकं एक होतात, ट्रॅक्टर बाहेर येतो. आणि वळायच्या आधी तो लॉक सुटलाय ना, हे बघतो. कारण लॉक तसाच राहिला तर ट्रॅक्टर वळत नाही, सरळ बांधावर जातो. म्हणजे फायदा आणि धोका दोन्ही एकाच पेडलखाली आहेत, हे आपल्या शेतकऱ्याला आधीच माहीत आहे.

स्पोर्ट्स कारचा प्रश्न याच्याच जवळचा. वळणातून बाहेर पडताना चालक जोरात अॅक्सिलरेटर दाबतो. गाडीचं वजन बाहेरच्या बाजूला झुकलेलं असतं, आतलं चाक हलकं झालेलं असतं. ओपन डिफरेन्शियल असेल तर ते हलकं चाक जागीच फिरतं आणि सगळी ताकद वाया. यावर उपाय म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल. हे ट्रॅक्टरच्या लॉकसारखं पूर्ण बांधत नाही, वळायला मोकळीक देतं, पण एका चाकाला बेफाम फिरू देत नाही.

याचे मुख्य तीन प्रकार. पहिल्यात चकत्यांच्या मध्ये घट्ट सिलिकॉनचं तेल असतं. एक चाक जास्त फिरायला लागलं की ते तेल विरोध करतं. दुसऱ्यात क्लचसारख्या प्लेटा असतात. त्या झिजतात, त्यांना वेगळं तेल लागतं. तिसरा प्रकार टॉर्सन, पूर्ण गिअरचा. व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकन माणसाचं १९५८ चं पेटंट. यात झिजणाऱ्या प्लेटा नाहीत. समजा प्रमाण दोनास एक आहे, तर कमी पकड असलेलं चाक जेवढा जोर पेलतं त्याच्या दुप्पट जोर चांगल्या चाकाला जातो. पण एक चाक पूर्ण हवेत उचललं गेलं तर? शून्याची दुप्पट शून्यच. हा टॉर्सनचा कच्चा दुवा.

आता ती गाडी. माझदा एमएक्स-५.

माझदा म्हटलं की आपल्या पिढीला स्वराज माझदाची मिनीबस आठवते. शाळेची सहल नाहीतर लग्नाचं वऱ्हाड. पण त्याच जपानी कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये एक छोटी, दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी मांडली. पुढे इंजिन, जोर मागच्या चाकांना. वजन टनाच्या आत-बाहेर. एप्रिल २०१६ मध्ये या गाडीचा आकडा दहा लाखांवर गेला. श्रीमंतांचं खेळणं नाही ही. अमेरिकेत, युरोपात जुनी एमएक्स-५ घेऊन शिक्षक, मेकॅनिक, नर्स सगळेच हौस भागवतात.

सुरुवातीच्या, म्हणजे १९९३ पर्यंतच्या १.६ लिटरच्या गाड्यांना लहान डिफरेन्शियल होतं. आतल्या मोठ्या चक्राचा, आपल्या भाषेत क्राऊनचा, व्यास सुमारे सहा इंच. बहुतेकांना ओपन, काहींना सिलिकॉन तेलवालं. १९९४ पासून १.८ लिटरचं इंजिन आलं, क्राऊन सात इंचांचा झाला आणि काही गाड्यांना कारखान्यातूनच टॉर्सन मिळालं. त्यामुळे जुन्या १.६ वाल्या मालकांमध्ये एक काम फार लोकप्रिय आहे: भंगारातल्या १.८ मधून टॉर्सन काढायचं आणि आपल्या गाडीत बसवायचं.

माझा कॉलेजचा एक मित्र जर्मनीत नोकरीला आहे. त्याने हे काम केलं, आणि व्हिडिओ कॉलवर मला तासभर दाखवलं. मी इंजिनिअर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमावाला आहे, त्यामुळे मी प्रश्न विचारत गेलो आणि तो सांगत गेला.

काम ऐकायला सोपं आहे. गाडी चारी बाजूंनी स्टँडवर घ्यायची. तेल काढायचं. चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट सोडवायचे, गिअरबॉक्सकडून येणारा लांब शाफ्ट सोडवायचा. या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल यांना जोडणारा अॅल्युमिनियमचा एक लांब सांगाडा असतो, त्याचे बोल्ट काढायचे. मग डिफरेन्शियल जॅकवर घेऊन खाली.

पण नवीन पेटी तशीच वर चढवता येत नाही. सात इंचवाल्याचे शाफ्ट वेगळे, त्याची चकती मोठी. म्हणजे बाजूचे दोन्ही शाफ्ट आणि मधला लांब शाफ्टसुद्धा १.८ चाच घ्यावा लागतो. अख्खी पेटी न बदलता फक्त आतला गाभा बदलायचा म्हटलं तर काम आणखी नाजूक. क्राऊन आणि पिनियन यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते, ती पातळ शिम घालून मापावी लागते. फट कमी झाली तर गिअर तापतात, जास्त झाली तर ठोकतात. ज्यांनी ट्रकचं क्राऊन-पिनियन बसवताना म्हातारा मिस्त्री बघितलाय, त्यांना कळेल मी काय म्हणतोय. ते काम घाईचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला स्वतःला सुचली नसती. जुन्या पेटीचं प्रमाण ४.३०, नव्या पेटीचं ४.१०. म्हणजे मधला शाफ्ट तेवढाच फिरला तरी चाकं आता सुमारे पाच टक्के जास्त फिरतात. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो. त्याला मागे काय बदललं ते कळत नाही. परिणाम? मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ८४ ने पळत असते. मीटर खोटं बोलतो, आणि तेही धोक्याच्या बाजूने. युरोपच्या नियमात मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणं चालतच नाही. उपाय छोटासाच आहे. मीटरला चालवणारा एक लहान गिअर बदलायचा. पण तो बदलला की नाही, हे कोणीतरी तपासलं पाहिजे ना?

जर्मनीत ते तपासलं जातं. तिथल्या वाहन नियमावलीचं कलम १९ सांगतं की ज्या बदलामुळे इतरांना धोका संभवतो, गाडीचा प्रकार बदलतो, किंवा धूर-आवाज वाढतो, त्या बदलाने गाडीची रस्त्यावर चालवण्याची परवानगीच संपते. कडक आहे. पण त्याच नियमावलीत परत येण्याचा रस्ताही आहे. सुट्या भागाला आधीच मान्यता असेल तर कागद जवळ ठेवायचा. भागाचा तांत्रिक अहवाल असेल तर तो बसवल्यावर परीक्षकाकडून तपासून घ्यायचा. काहीच नसेल तर कलम २१ खाली एकट्या त्या गाडीची तपासणी. टीयूव्ही, डेक्रा अशा संस्थांचे परीक्षक ती करतात. माझ्या मित्राला परीक्षकाने पहिला प्रश्न विचारला तो मीटरचा. दुसरा, शाफ्ट कोणत्या गाडीचे. मग खाली वाकून बोल्ट बघितले, गाडी चालवून बघितली, कागदावर नोंद केली. संपलं. तो आता गाडी विकेल तेव्हा घेणाऱ्यालाही माहीत असेल की आत काय आहे.

"हे कंपनीचं आहे का?" एवढ्यावर त्याने निकाल दिला नाही. "हे नीट बसवलंय का, आणि त्यामुळे आणखी काय बदललं?" हे त्याने बघितलं. माझा अख्खा मुद्दा या दोन प्रश्नांमधल्या फरकात आहे.

आता आपल्याकडे या.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. त्याचा सारांश असा की नोंदणीपुस्तकातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात हे अगदी स्पष्ट केलं. तिथल्या उच्च न्यायालयाने मालकाच्या बाजूने दिलेला निकाल न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने फिरवला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

इथपर्यंत चित्र स्वच्छ वाटतं. पण त्याच कलम ५२ च्या खाली स्पष्टीकरण आहे: बदल म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. आता तुमचं आरसी बुक उघडा. इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे, रंग आहे, इंधन आहे, आसनं आहेत, वजन आहे. डिफरेन्शियलचा रकाना आहे का? नाही. मग ओपनच्या जागी लिमिटेड स्लिप टाकलं तर नोंदीत फरक पडला का? नाही. रचनेचं मूळ वैशिष्ट्य बदललं का? एक वकील म्हणेल हो, दुसरा म्हणेल नाही. आणि तुम्ही प्रामाणिकपणे आरटीओत जाऊन विचारलं, की साहेब, मी असं असं बसवलंय, तपासून नोंद करून द्या, तर कोणत्या खिडकीवर जायचं? कोणता फॉर्म भरायचा?

मी आमच्याकडच्या एका कार्यालयात हा प्रश्न सहज म्हणून विचारला. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने विचारलं, "पण तुम्ही कशाला सांगताय? कोण बघणारे आत?"

हे उत्तर देणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. त्याने व्यवस्थेचं खरं धोरण एका वाक्यात सांगितलं. सांगू नका, आम्ही बघणार नाही.

आणि याची किंमत अपघाताच्या दिवशी मोजावी लागते. वीस वर्षं मी अपघाताच्या बातम्या लिहितोय. त्यातलं एक वाक्य मला झोपेतही येतं: चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने. ताबा का सुटला? मोठ्या अपघातात मोटार वाहन निरीक्षक येतो, गाडी बघतो. ब्रेक, स्टिअरिंग, टायर. पण मागच्या हौसिंगच्या आत कोणी काय वेल्डिंग केलंय, हे बातमीत यावं इतपत कधी पुढे आल्याचं मला आठवत नाही.

वेल्डिंग हा शब्द मुद्दाम वापरला. लिमिटेड स्लिप महाग पडतं, मिळत नाही, म्हणून जगभर ऑफ-रोड आणि ड्रिफ्टवाल्यांमध्ये एक गावठी उपाय चालतो: डिफरेन्शियलमधले छोटे गिअर सरळ वेल्डिंगने जाम करून टाकायचे. मग दोन्ही चाकं कायमची एक. मैदानात ठीक आहे. पण तीच गाडी ओल्या डांबरावर वळवली की तो ट्रॅक्टर आठवा, लॉक न सोडता वळलेला. फक्त इथे वेग ताशी साठचा असतो आणि बांधाच्या जागी दरी.

आता विचाराल, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार आपल्या तालुक्यात आहे कुठे? नाहीच. पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या? बोलेरो, पिकअप, ट्रॅक्स, सुमो, ओम्नी, छोटा हत्ती. आपली अर्धी ग्रामीण वाहतूक मागच्या चाकांवर चालते. ऊसतोडीच्या हंगामात शेतातून रस्त्यावर येणारा पिकअप, पावसाळ्यात वाडीवर माणसं नेणारी जीप, भाजी घेऊन पहाटे घाट चढणारा टेम्पो. एका चाकाखाली शेवाळ आलं की सगळे खाली उतरून धक्का मारतात. माझदाच्या मालकाला वळणात जो प्रश्न पडतो, तोच आपल्या पिकअपवाल्याला चढावर पडतो. त्याची हौस आहे, याची मजुरी आहे, एवढाच फरक.

आणि हे तंत्र परकं राहिलेलं नाही. २०२० च्या नव्या थारमध्ये मागच्या अॅक्सलला आपोआप लॉक होणारं डिफरेन्शियल मिळायला लागलं. २०२१ मध्ये आलेल्या बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्येही ते आलं, आणि ती गाडी तर फक्त मागच्या चाकांवर चालते. म्हणजे कारखान्यालाही मान्य आहे की आपल्या रस्त्यांना याची गरज आहे. मग ज्याला वरचं मॉडेल परवडलं नाही, त्याने पुढे कधी पैसे साठवून तीच वस्तू त्याच गाडीत चांगल्या मिस्त्रीकडून बसवायची ठरवली, तर त्याला रीतसर वाट काय? कंपनीने शोरूममध्ये दिलं तर सुरक्षिततेचं फीचर, आणि मिस्त्रीने बसवलं तर झाकून ठेवायची गोष्ट?

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्हींत दम आहे.

पहिला: लोकांना मोकळीक दिली तर जो तो काहीही बसवेल. बरोबर. लिमिटेड स्लिप हे काही जादूचं यंत्र नाही. ओपन डिफरेन्शियलमध्ये जोर जास्त झाला तर निदान एकच चाक फिरतं, दुसरं गाडीला आडवी घसरण्यापासून धरून ठेवतं. लिमिटेड स्लिपमध्ये दोन्ही चाकं एकदम सुटू शकतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट क्षणात बाहेर येते. नवख्या हातात ते धोक्याचंच. शिवाय आजच्या गाड्यांत घसरण रोखणारा कॉम्प्युटर असतो. फिरणाऱ्या चाकाला तो स्वतः ब्रेक लावतो. त्याचे हिशेब मूळ भागांवर बेतलेले असतात. म्हणून तर मी म्हणतोय की तपासणी हवी. आज मोकळीक नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी कोणत्याही मोठ्या गावाच्या गॅरेज गल्लीत एक चक्कर मारावी. मोकळीक पूर्ण आहे, तपासणी शून्य आहे.

दुसरा आक्षेप: आरटीओला आहे तेच काम उरकत नाही, हे नवीन कोण करणार? यालाही आपल्याच घरात उत्तर आहे. सीएनजी किट. पेट्रोलची गाडी गॅसवर करणं हा डिफरेन्शियलपेक्षा कितीतरी मोठा बदल. डिकीत दाबाखालचा गॅस भरलेली टाकी घेऊन माणूस कुटुंबासह फिरतो. तरी आपण त्याला नियमात बसवलं. किटला एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते, बसवणारा अधिकृत असावा लागतो, आरसीवर नोंद होते, टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. त्यात पळवाटा आहेत, मला माहीत आहे, त्यावर मी बातम्या केल्यात. पण निदान वाट आहे. प्रामाणिक माणसाला कुठे जायचं ते कळतं, आणि चोराला चोर म्हणता येतं.

विशेष म्हणजे दरवाजाची चौकट कायद्यात आधीच बसवलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये असंही घातलं की वाहनातल्या बदलांसाठी केंद्र सरकार तांत्रिक निकष, मान्यतेच्या अटी ठरवू शकतं, आणि अशा रीतसर बदलामुळे उत्पादकाची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही. चौकट आहे. दार बसवायचं राहिलंय. शिक्षेचं कलम मात्र त्याच दुरुस्तीतून आलं आणि लगेच पाठ झालं.

म्हणून माझं म्हणणं चार ओळींत.

एक. बदलांची प्रतवारी करा. फक्त शोभेचे, आवाज-धुराचे, आणि सुरक्षेशी थेट संबंध असलेले. तिन्हींना एकच काठी नको. डिफरेन्शियल, ब्रेक, सस्पेन्शन हे तिसऱ्या गटात येतात, तिथे तपासणी सक्तीची करा.

दोन. त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत कंपनीनेच दिलेला भाग खालच्या आवृत्तीत बसवला असेल, तर त्याला सोपी वाट द्या. गिअरचं प्रमाण, मीटर, शाफ्ट आणि तेल एवढं तपासा आणि आरसीवर नोंद करा. यासाठी परदेशातून तज्ज्ञ आणावे लागत नाहीत. एआरएआय पुण्यातच आहे.

तीन. मिस्त्रीला कागद द्या. आयटीआयमध्ये शिकलेली, पंधरा वर्षं क्राऊन-पिनियन बसवलेली माणसं आपल्याकडे आहेत. त्यांचा हात बघून त्यांना परवाना द्या आणि त्यांच्या सहीला किंमत द्या. जो सही करतो तो वेल्डिंग करत नाही.

चार. अपघातानंतरच्या तपासणीत, गाडीत मूळ नसलेला कोणता भाग होता, याचा रकाना ठेवा. पाच वर्षांनी निदान आपल्याला कळेल की कोणता बदल माणसं मारतो आणि कोणता वाचवतो. आज आपण हे अंदाजाने बोलतो, मीसुद्धा.

आणि गाडीमालकांना, खास करून हौशी पोरांना, एक विनंती. हे होईल तेव्हा होईल. तोवर जे काही बसवाल ते विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल हा क्लेमच्या वेळी नकाराचं आयतं निमित्त असतो. स्वस्तात पडतं म्हणून गिअर वेल्ड करून रस्त्यावर उतरू नका. पेटी बदललीत तर प्रमाण विचारा आणि मीटर तपासून घ्या. आणि ज्याने बसवलं त्याच्याकडून कशाचं काय बदललं ते कागदावर लिहून घ्या, साध्या बिलावर का होईना.

पोलिसांवर माझा राग नाही. त्यांना जे ऐकू येतं ते ते पकडतात. राग आहे तो या सवयीवर, की जे फोटोत येतं तेवढीच कारवाई आणि जे पोटात आहे ते देवाच्या भरवशावर. रोडरोलर फिरवायला डिझेल लागतं. गाडीखाली वाकून बघायला माणूस लागतो, शिकलेला, सही करायला न घाबरणारा. तो नेमा.

तुमच्यात कोणी मिस्त्री, आरटीओत काम केलेले किंवा परदेशात अशी तपासणी करून घेतलेले असतील तर तुमचा अनुभव जरूर लिहा. कार्यालयाचं, कंपनीचं नाव न घेता लिहिलं तरी चालेल. मतभेद असेल तर तोही लिहा, फक्त भाषा जपून. पोस्ट शेअर करायला परवानगीची गरज नाही.